लेख खपवायच्या जागा

लिहून पैसे मिळवायचे असं ठरवल्यावर कोणीही करतो तेच मी केलं. याद्या जमवल्या. इंग्रजी नियतकालिकांच्या बाबतीत अशा याद्यांना तोटा नाही, आणि त्या काही आजच्याही नाहीत. ब्रिटनमधलं 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक' १९०६ पासून निघतंय, अमेरिकेतलं 'रायटर्स मार्केट' १९२१ मध्ये सुरू झालं. कोणतं मासिक काय छापतं, किती शब्दांचं मागतं, शब्दाला किती देतं, पत्र कोणाच्या नावे धाडायचं, हे सगळं त्यांत असतं. आता हे काम संकेतस्थळं करतात. 'ड्युओट्रोप' २००५ मध्ये सुरू झालं, २०१३ पासून ते महिन्याला ५ डॉलर घेऊ लागलं, आणि त्याच वर्षी फुकटातलं 'सबमिशन ग्राइंडर' उभं राहिलं. ही दोन्ही मुख्यतः कथा-कवितावाल्यांच्या कामाची. लेख लिहिणाऱ्यांसाठी 'हू पेज रायटर्स' आहे. तिथे लेखक स्वतःचं नाव न देता सांगतात, अमुक मासिकाने मला शब्दाला इतके सेंट दिले आणि द्यायला इतका वेळ लावला. ते वाचून डोळे उघडतात. कधी कधी मोठं नाव आणि छोटं मानधन अगदी शेजारी शेजारी नांदत असतात.

पण यादीत असतं फक्त मासिकाचं नाव, आणि मासिकाच्या नावाला लेख विकता येत नाही. विकला जातो तो त्या मासिकातल्या एका ठरावीक पानाला. हे पान बाहेरच्या माणसासाठी उघडं आहे की नाही, ते कोणतीही यादी सांगत नाही. ते अंक हातात घेऊनच शोधावं लागतं.

मी शोधते ते असं. एखाद्या मासिकाचे ताजे तीन-चार अंक घ्यायचे. पहिल्या पानांवर संपादक मंडळाची नावं छापलेली असतात: संपादक, सहसंपादक, उपसंपादक, सहयोगी लेखक. ती एका कागदावर उतरवायची. मग पानोपानी जाऊन प्रत्येक मजकुराखालचं नाव बघायचं. मंडळातलं नाव दिसलं की त्या पानावर फुली. दर अंकात तोच स्तंभलेखक असेल तर त्यावरही फुली. कोणी कंपनीप्रमुख किंवा प्राध्यापक असेल तर त्यावर जरा हलकी फुली, कारण अशा लोकांना बहुधा निमंत्रण देऊन, बिनपैशाचं लिहायला सांगितलेलं असतं. उरतात ती पानं आपली. कित्येक मासिकांत काहीच उरत नाही. नियमावलीत 'आम्ही नव्या लेखकांचं स्वागत करतो' असं लिहिलेलं असतं आणि वर्षभराच्या अंकांत एकही नवं नाव सापडत नाही. अशा ठिकाणी माझा वेळ वाचतो, आणि या धंद्यात वेळ वाचणं म्हणजे पैसेच वाचणं.

दुसरीकडे, जी पानं उरतात ती बहुतेक वेळा अंकाच्या सुरुवातीची असतात. दीडशे ते चारशे शब्दांचे तुकडे: एक नवं संशोधन, एक विचित्र माहिती, एक छोटी मुलाखत. मोठा लेख संपादक अनोळखी माणसाच्या हाती सहसा देत नाही. तो वेळेत येईल का, त्यातली माहिती टिकेल का, हे त्याला ठाऊक नसतं. छोट्या तुकड्यात मात्र त्याची जोखीम कमी असते, आणि हे तुकडे दर महिन्याला डझनाने लागतात. मला पहिले पैसे मिळाले ते अशाच अडीचशे शब्दांचे. शब्दांच्या हिशोबाने बघितलं तर नंतरच्या मोठ्या लेखांपेक्षा त्या अडीचशे शब्दांवर मी जास्त मेहनत केली, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

अंक वाचण्याखेरीज आणखी एक कागद असतो, आणि लेखक तो क्वचितच उघडतात. मासिकं जाहिरातदारांसाठी एक माहितीपुस्तिका काढतात, तिला मीडिया किट म्हणतात. ती आपल्यासाठी नसते, म्हणूनच ती फार खरी असते. लेखकांच्या नियमावलीत 'आमचा वाचक जिज्ञासू आणि सुजाण आहे' असलं काहीतरी मोघम असतं. जाहिरातदाराला असं सांगून चालत नाही, त्याला वाचकाचं वय, हुद्दा, पगार आणि खरेदीचे अधिकार हवे असतात. त्याच पुस्तिकेत वर्षभराचं नियोजनही छापलेलं असतं: कोणत्या महिन्यात कोणता विषय, कोणत्या तारखेला अंक बंद. छापील मासिकाचं काम साधारण चार ते सहा महिने पुढचं चालतं. म्हणजे थंडीतल्या अंकाचा विषय उन्हाळ्यातच पोचवावा लागतो. हे वेळापत्रक समोर असलं की पत्रात लिहिता येतं, 'तुमच्या नोव्हेंबरच्या अंकाच्या विषयाशी हे जुळतं.' उत्तर येण्याची शक्यता लगेच वाढते. संपादकही माणूसच असतो, त्यालाही नोव्हेंबरची पानं भरायची काळजी असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मी बरीच वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. लिहायला लागले तेव्हा वाटत होतं, पाण्याबद्दल कोण वाचणार? वाचणारे निघाले, पण ते पुस्तकांच्या दुकानातल्या दर्शनी मासिकांचे वाचक नव्हते. ते धंद्याच्या मासिकांचे वाचक होते. प्रत्येक व्यवसायाचं एक तरी मासिक असतंच. धुलाईवाल्यांचं असतं, पोहण्याचे तलाव बांधणाऱ्यांचं असतं, बॉयलरवाल्यांचं, रंगवाल्यांचं, दफनभूमीच्या व्यवस्थापकांचंसुद्धा असतं. ही मासिकं त्या व्यवसायाबाहेर कोणी पाहिलेलीही नसतात. कविता लिहिणारे, प्रवासवर्णनं लिहिणारे, समीक्षक, सगळे त्याच दहा-वीस झगमगीत नावांच्या दारात गर्दी करतात, आणि इकडे धुलाईच्या मासिकाचा संपादक चांगलं लिहिणाऱ्या माणसासाठी अक्षरशः तिष्ठत बसलेला असतो.

क्षारांनी जड झालेल्या पाण्याचंच बघा. अशा पाण्यात साबणाचा बराचसा भाग क्षारांशीच झगडण्यात खर्ची पडतो, आणि पांढऱ्या चादरी काही धुण्यांनंतर करड्या दिसायला लागतात. हॉटेलांची धुणी घेणाऱ्यांना हा रोजचा ताप असतो. मी त्या विषयावर रसायनशास्त्र समजावणारी रूपरेषा पाठवली. संपादिकेचं उत्तर दोन ओळींचं होतं: रसायन आमच्या वाचकाला तुमच्याइतकं ठाऊक आहे, त्याला आकडे द्या, चादर किती धुण्यांआधी फेकावी लागते आणि पाणी मऊ करायच्या यंत्राचा खर्च कधी भरून निघतो. लेखनाच्या कोणत्याही कार्यशाळेत मिळालं नसतं असं मार्गदर्शन त्या दोन ओळींत होतं. मी दोन-तीन धुलाई केंद्रांच्या व्यवस्थापकांशी बोलले, हिशोब मांडला, लेख छापून आला.

मग खरी गंमत सुरू झाली. नळाचं पाणी निर्जंतुक ठेवायला अनेक ठिकाणी त्यात क्लोरामाइन घालतात. ते प्यायला चालतं. पण माशांना ते मारक असतं, कारण कल्ल्यांतून ते थेट रक्तात जातं. आणि डायलिसिसच्या रुग्णालाही ते तितकंच घातक असतं, कारण तिथे पाणी आणि रक्त यांच्यामध्ये एक पातळ पडदा काय तो असतो. डायलिसिसच्या एका खेपेला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं, त्यातून क्लोरामाइन गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून ते आधी कोळशाच्या गाळण्यांतून काढून टाकतात. मासे पाळणाऱ्यांचं मासिक आणि डायलिसिस तंत्रज्ञांचं मासिक, या दोघांचे वाचक एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. विषय मात्र एकच. एकाला मी टाकीतलं पाणी बदलताना काय करावं ते लिहिलं, दुसऱ्याला गाळणी संपत आली हे तपासणीत कसं कळतं ते लिहिलं. एकही वाक्य सारखं नव्हतं, वाचनाची मेहनत मात्र एकदाच केली होती.

म्हणून कोणी विचारलं की जागा कशा शोधू, तर मी उलट विचारते: तुम्हाला काय माहीत आहे, आणि ती माहिती कोणाकोणाच्या धंद्यात उपयोगी पडते? हा प्रश्न आधी. यादी नंतर.

व्यवसायांच्या मासिकांइतकीच दुर्लक्षित जागा म्हणजे कंपन्यांची आणि संस्थांची मासिकं. जॉन डिअर ही शेतीयंत्रांची कंपनी 'द फरो' नावाचं मासिक १८९५ पासून काढते, ते आजही निघतं. रोटरीचं मासिक १९११ चं. घाऊक विक्री करणाऱ्या, विमा देणाऱ्या, इस्पितळं चालवणाऱ्या संस्था अशी प्रकाशनं काढतात, विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांसाठी काढतात. दुकानातल्या विक्रीवर त्यांचा संसार अवलंबून नसतो, त्यामुळे मानधन बरं असतं आणि मुख्य म्हणजे वेळेवर येतं. अशा मासिकात लिहिताना मालकाच्या विरोधात लिहिता येत नाही, हे उघड आहे. त्याचा मला त्रास होत नाही, कारण तिथे मी बातमीदार म्हणून जातच नाही. पण ज्याला होतो त्याने तिथे जाऊ नये.

या वर्गातली सगळ्यात मोहक जागा विमान कंपन्यांच्या मासिकांची होती. प्रवासलेखक त्यांच्यावर जीव टाकत. ती जवळजवळ आटली. अमेरिकन एअरलाइन्सचं 'अमेरिकन वे' १९६६ पासून चालू होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. युनायटेडचं 'हेमिस्फिअर्स' २०२४ पर्यंत तग धरून होतं. जुन्या याद्यांत मात्र अशी नावं अजून सापडतात. यादी जितकी जुनी, तितकी तिच्यात बंद पडलेली मासिकं जास्त.

आता हक्कांबद्दल, कारण जागा शोधणं आणि हक्क राखणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. मासिक लेख विकत घेतं म्हणजे नेमकं काय विकत घेतं, ते करारात लिहिलेलं असतं. सगळ्यात बरं असतं ते फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क देणं. एकदा छापून झालं की लेख परत आपला, तो दुसरीकडे पुनर्मुद्रणासाठी देता येतो. पुनर्मुद्रणाचे पैसे कमी, पण काम शून्य. सगळ्यात वाईट ते सर्व हक्क कायमचे देणं. अमेरिकी करारांत 'वर्क फॉर हायर' असे शब्द दिसले तर लेख कायद्याने आपला कधी नव्हताच असं समजावं. मी तशा करारावर कधीच सही करत नाही असं नाही. कंपनीच्या मासिकाने चांगले पैसे दिले आणि तो मजकूर दुसऱ्या कोणाच्या कामाचा नसला, तर करते. ज्या मजकुरातून आणखी दोन लेख निघणार आहेत, त्याचे हक्क मात्र देत नाही.

या हक्कांवरून मुक्त लेखक एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. वृत्तपत्रांनी छापलेले लेख न विचारता इलेक्ट्रॉनिक संग्रहांना दिले, आणि २००१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी' या खटल्यात लेखक जिंकले. जिंकून झालं काय, तर पुढच्या करारांत प्रकाशकांनी इलेक्ट्रॉनिक हक्कही आधीच मागून घ्यायला सुरुवात केली. तरीही विचारलं तर एखादं कलम काढून टाकतात. 'हे कलम फक्त पहिल्या छपाईपुरतं ठेवता येईल का?' इतकंच विचारायचं, सौम्यपणे. ब्रिटनमधल्या मासिकांत लिहिणाऱ्यांनी तिथल्या 'एएलसीएस' या १९७७ सालच्या संस्थेचं सभासद व्हावं. मासिकांतल्या लेखांच्या ज्या प्रती संस्था आणि शाळा काढतात, त्यांचे पैसे ती लेखकांपर्यंत पोचवते, आणि लेखक ब्रिटनबाहेरचा असला तरी चालतं. न मागता आलेल्या पैशांइतकं गोड काही नसतं.

कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांबद्दल थोडक्यात सांगते. तिथे मी थोडा काळ काढला आणि बाहेर पडले. ईलान्स आणि ओडेस्क एकत्र येऊन २०१५ मध्ये अपवर्क झालं. माझ्या काळात एका ग्राहकाकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर ते २० टक्के कापायचं, २०२३ मध्ये तो नियम बदलला. कापण्यापेक्षा मोठी अडचण वेगळी: तिथे लेखक ग्राहकाची वाट बघत रांगेत उभा असतो आणि भाव खाली खाली जातो. त्याहून वाईट ते 'कंटेंट मिल', म्हणजे लेखांचा घाऊक कारखाना. शोधयंत्रांतून येणाऱ्या वाचकांच्या जोरावर अशा कंपन्या एकेकाळी फोफावल्या होत्या. २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल केला आणि त्यांचा पायाच खचला. या जागी सराव होतो म्हणतात. मला तो सराव वाईट लिहिण्याचा वाटला.

कथा विकणाऱ्यांची वाट जरा वेगळी आहे. विज्ञानकथेत अमेरिकी लेखकसंघटनेने शब्दाला ८ सेंट हा व्यावसायिक दर ठरवला आहे, त्यामुळे कोणती जागा खरी आणि कोणती हौशी हे तिथे पटकन कळतं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' या मासिकाला यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांच्या पुरामुळे दार काही काळ बंद करावं लागलं. लेखांच्या संपादकांनाही त्याची झळ बसली. आता बऱ्याच नियमावल्यांत यंत्राने लिहिलेल्या मजकुराबद्दल वेगळा परिच्छेद असतो. अनोळखी माणसाच्या पहिल्या पत्रात त्याचा स्वतःचा हात दिसावा लागतो. मी प्रयोगशाळेत स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट पहिल्या परिच्छेदातच घालते. तिथे यंत्र पोचत नाही.

जिथे लेखकाकडूनच पैसे मागतात, तिथून मागे फिरायचं. साहित्यिक मासिकांचं मजकूर वाचायला घेण्याचं दोन-तीन डॉलरचं शुल्क निराळं, त्यावर मतभेद असू शकतात. पण 'तुमचा लेख निवडला, संपादनाचे अमुक पाठवा' म्हणणारा संपादक नसतो. विज्ञानकथावाल्या त्याच अमेरिकी लेखकसंघटनेचं 'रायटर बिवेअर' १९९८ पासून अशांची नोंद ठेवतं, नवं नाव दिसलं की आधी तिथे बघून घ्यावं.

पैसे कधी मिळतात? करारात दोनपैकी एक लिहिलेलं असतं: स्वीकारल्यावर, किंवा छापून आल्यावर. फरक मोठा आहे. एका मासिकाने माझा लेख स्वीकारला, कौतुकही केलं, आणि मग तो एका अंकातून दुसऱ्यात ढकलत राहिलं. छापून आल्यावर पैसे द्यायचे ठरले होते, त्यामुळे मागायला तोंड नव्हतं. आता मी स्वीकारल्यावर पैसे मागते, आणि ते मान्य नसेल तर निदान एक तारीख मागते, त्या तारखेपर्यंत छापलं नाही तर लेख परत माझा. लेख मागवून मग छापायचा नाही असं ठरलं तर किल फी मिळते. अनेक ठिकाणी ती ठरलेल्या रकमेच्या पाव भाग असते. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून असा कायदा आहे की ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाचा लेखी करार हवाच, आणि मुदत ठरली नसेल तर काम पुरं झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. ब्रिटनमध्ये उशीर झाला तर १९९८ च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ व्याजदरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येतं. मी कोर्टात कधी गेले नाही. बिलाच्या तळाशी या कायद्याचं नाव एका ओळीत लिहिते, तेवढ्याने हिशेबखात्याचा वेग बदलतो.

अमेरिकी मासिकासाठी बाहेरून लिहिणाऱ्याला 'डब्ल्यू-८ बेन' हा अमेरिकी करखात्याचा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालतो. मुदत संपली की पैसे अडकतात, म्हणून तारीख लिहून ठेवावी.

साभार परत हे चालूच राहतं. त्यात एक ओळ हाताने लिहिलेली असली, 'हा विषय आमचा नाही, पण पुढचं पाठवा', तर ती जागा उघडी आहे असं समजते आणि महिन्याच्या आत पुढचं पाठवते. छापील ठशाचं उत्तर आलं तर तोच विषय दुसऱ्या दारी नेते, फक्त त्या दाराच्या मापाने पुन्हा बेतून.

अलीकडे मी मासिकांपेक्षा संपादकांचा माग जास्त ठेवते. संपादक नोकऱ्या बदलतात. तो बदलला की जुन्या मासिकातली आपली जागा बहुधा जाते, नव्या माणसाला आपण ठाऊक नसतो. पण तो जिथे जातो तिथे नवी जागा तयार होते, आणि तिथे त्याला ओळखीचा, वेळेत देणारा लेखक हवा असतो. धुलाईच्या मासिकातली ती संपादिका आता इस्पितळांच्या सेवांविषयीच्या मासिकात आहे. तिला मी शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या वाफेतल्या क्षारांबद्दल लिहिलं. उत्तर पुन्हा दोनच ओळींचं आलं: आकडे द्या, आणि मार्चच्या अंकासाठी बाराशे शब्द.